जुन्या ट्रॅक्टरची चार्जिंग: डायनामो राखावा की आल्टरनेटर बसवावा?

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात वरवट बकालपासून सोनाळा-टुणकीपर्यंत कुठल्याही गावात गेलात, तरी गोठ्याच्या बाजूला किंवा खळ्याच्या कडेला उभा असलेला एखादा जुना ट्रॅक्टर नजरेस पडतो. नवा घेतला म्हणून तो मागे पडतो, किंवा इंजिन उघडले आणि काम अर्धवट राहिले म्हणून उभा राहतो. अलीकडे असे ट्रॅक्टर पुन्हा चालते करण्याकडे कल वाढलेला दिसतो. नव्या ट्रॅक्टरचा हप्ता न परवडणारा शेतकरी ते करतो, आणि वडिलांनी घेतलेले यंत्र जपावे असे वाटणाराही करतो. इंजिन, क्लच, हायड्रॉलिक यांचा खर्च सगळे आधी धरतात. चार्जिंगचा विचार मात्र शेवटी होतो, तोही घाईत. दुकानदार म्हणतो, ‘डायनामो काढून टाका, आल्टरनेटर बसवा.’ जुना मिस्त्री म्हणतो, ‘डायनामोला काही होत नाही, कार्बन बदला.’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघेही एक प्रश्न विचारत नाहीत: हा ट्रॅक्टर उद्या नेमके काय काम करणार आहे? निवड त्या उत्तरावरून व्हायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

कोणते ट्रॅक्टर, कोणती व्यवस्था

भारतात घडवलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादच्या आयशरने बाहेर काढला. त्यानंतर साठच्या दशकात मॅसी फर्ग्युसन आणि इंटरनॅशनल बी-२७५, १९७१ मध्ये एचएमटीचे झेटर, १९७४ मध्ये स्वराज ७२४ असे एकेक नाव शिवारात आले. यातल्या बऱ्याच यंत्रांचा आराखडा ब्रिटिश किंवा युरोपीय होता आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यावर डायनामो आणि कटआऊटची पेटी असे. मोटारींत आल्टरनेटर रुळायला सुरुवात झाली ती १९६० च्या सुमारास. सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि टिकाऊ झाले, तेव्हा अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या व्हॅलियंट मोटारीवर आल्टरनेटर नेहमीचा भाग म्हणून दिला. आपल्या शेतीयंत्रांवर तो त्यानंतर सावकाश आला. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन ट्रॅक्टरांपैकी जुन्यावर डायनामो आणि नंतरच्यावर आल्टरनेटर, असे चित्र आढळते. आपल्या यंत्रावर आज जे बसले आहे ते कारखान्यातूनच आलेले असेल असेही नाही. मधल्या मालकाने बदल केलेला असू शकतो, म्हणून आधी वायरी नीट पाहाव्यात.

विजेची गरज किती?

जुना डिझेल ट्रॅक्टर एकदा सुरू झाला की त्याला विजेची गरज उरत नाही. डिझेल पंप यांत्रिक असतो, ठिणगी लागत नाही, आणि इंजिन बंद होते ते दांडी ओढून. वीज लागते सेल्फला, दिव्यांना, हॉर्नला आणि कुणी लावलाच असेल तर टेपला. त्यामुळे हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने कागदावर करावा.

सेल्फपासून सुरुवात करू. सुरू करताना सेल्फ साधारण ३५० अँपिअर ओढतो, पण तो फक्त पाचेक सेकंद. म्हणजे बॅटरीतून गेले जेमतेम अर्धा अँपिअर-अवर. दहा अँपिअर देणारा डायनामो ही तूट तीन-चार मिनिटांत भरून काढतो. ‘सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली’ असे आपण म्हणतो खरे, पण चांगल्या बॅटरीवर आणि चटकन सुरू होणाऱ्या इंजिनावर हे कारण बहुधा लागू पडत नाही.

बॅटरी उतरवतात ते दिवे. पुढचे दोन हेडलाइट ५५ वॅटचे धरले तर ११० वॅट. मागे नांगरावर उजेड पाडणारा दिवा आणखी ५५. टेल-लाइट, पार्किंग आणि मीटरचे दिवे मिळून २०-२५. बेरीज १९० वॅटच्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे १६ अँपिअर. ट्रॅक्टरवरचे जुने डायनामो ११ ते २२ अँपिअर क्षमतेचे असत, तेही इंजिन चांगल्या वेगात असताना. समजा डायनामो ११ अँपिअरचा आहे आणि रात्री चार तास सगळे दिवे लावून नांगरटी केली. दिव्यांनी खाल्ले ६४ अँपिअर-अवर, डायनामोने दिले ४४. तूट वीसची. दिवसा ट्रॅक्टर चालला नाही तर ८८ अँपिअर-अवरची बॅटरी तिसऱ्या रात्रीनंतर सेल्फ फिरवायला कुरकुरणारच. तोच ट्रॅक्टर फक्त दिवसा पेरणीला आणि वखरणीला जात असेल, तर हाच डायनामो त्याला आयुष्यभर पुरेल.

खरेदीआधी मोजमाप

‘चार्जिंग होत नाही’ म्हणून आलेल्या यंत्रात दोष कित्येकदा डायनामोच्या बाहेर सापडतो. सैल पट्टा, हिरवे पडलेले टर्मिनल, रंगावर बसवलेली अर्थची वायर, चेसीवरचा गंज, उडालेला फ्यूज ही नेहमीची कारणे. ट्रॅक्टर नव्याने रंगवल्यावर अर्थ तुटणे तर ठरलेलेच. ब्रॅकेटखालचा रंग खरवडून धातूला धातू लागल्याशिवाय प्रवाह परत जात नाही. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण १०-१२ मिलिमीटर दबावा. त्याहून सैल असेल तर दिवे लावताच तो घसरतो.

साध्या मल्टिमीटरने एवढे जरूर पाहावे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवे. इंजिन मध्यम वेगात ठेवल्यावर ते १३.८ ते १४.४ पर्यंत चढावे. दिवे लावल्यावर ते १३.२ च्या खाली येत असेल, तर यंत्रणा कमी पडते आहे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे, आणि बॅटरीतले पाणी वारंवार आटते ते त्यामुळेच.

डायनामो तपासायची जुनी रीत आजही चोख आहे. त्याच्या डी आणि एफ या दोन्ही टोकांच्या वायरी सोडवाव्यात, ती दोन टोके एका तारेने जोडावीत, आणि ती जोडणी व चेसी यांच्यात व्होल्टमीटर लावावा. इंजिनाचा वेग हळू वाढवला की व्होल्टेज झपाट्याने चढते. ते २० च्या पुढे जाऊ देऊ नये. काटा अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला तर फील्ड वाइंडिंगवर संशय घ्यावा, आणि चार-पाचवर अडकला तर आर्मेचरवर. व्होल्टेज नीट चढत असेल तर डायनामो ठीक आहे आणि दोष कटआऊट-रेग्युलेटरच्या पेटीत किंवा वायरीत आहे. या तपासणीशिवाय डायनामो भंगारात घालू नये.

डायनामो: जमेच्या आणि उणेच्या बाजू

डायनामोत वीज तयार होते ती फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये. तयार झालेला सगळा प्रवाह कम्युटेटर आणि कार्बनमधून बाहेर येतो. म्हणून कार्बन झिजतो, कम्युटेटर काळा पडतो, आणि आर्मेचर फार वेगाने फिरवता येत नाही. वेगावर मर्यादा असल्यामुळे पुली मोठी ठेवावी लागते, आणि पुली मोठी असल्याने इंजिन मंद असताना तो जवळपास काहीच देत नाही. बाजाराच्या गर्दीत किंवा जिनिंगच्या दारात रांगेत उभा राहिलेला, दिवे लावलेला ट्रॅक्टर बॅटरीवरच जगत असतो.

तरीही डायनामोचे गुण दुर्लक्षण्यासारखे नाहीत. त्याची घडण साधी आहे आणि गावपातळीवर दुरुस्त होणारी आहे. कार्बन बदलणे, लेथवर कम्युटेटर घासून सारखा करणे, पट्ट्यांमधला मायका खाली घेणे, मागच्या बुशला इंजिन ऑइलचे थेंब देणे, फील्ड पुन्हा गुंडाळणे, ही कामे करणारे हात खामगाव-अकोल्याच्या बाजारात अजून आहेत. कम्युटेटरला पॉलिश पेपर लावायचा तर तो बारीक काचेचा असावा, एमरीचा नको. एमरीचे कण खाचांत अडकतात आणि नुकसान करतात. ट्रॅक्टरसाठी बनवलेले काही डायनामो बंद कवचाचे असत, म्हणून त्यांचे अँपिअर कमी आणि धुळीपासून बचाव जास्त. शिवाय बॅटरी पूर्ण मेलेली असली, तरी ट्रॅक्टर उतारावरून ढकलून सुरू केला की पोलादात उरलेल्या चुंबकत्वावर डायनामो स्वतःहून वीज द्यायला लागतो. आल्टरनेटरला सुरुवातीला बॅटरीचा थोडा आधार लागतो.

खरा कमकुवत दुवा आहे कटआऊटची पेटी. साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टला तिचे पॉइंट जुळतात आणि इंजिन मंदावले की सुटतात. ते चिकटून राहिले तर इंजिन बंद झाल्यावर बॅटरी उलट डायनामोतून रिकामी होते आणि वाइंडिंग जळू शकते. पेटीच संशयास्पद असेल तर जुन्या झाकणाखाली इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवण्याचा मार्ग आहे. बाहेरून सगळे जुनेच दिसते, आणि डायनामोचे आयुष्य वाढते.

आल्टरनेटर: जमेच्या आणि उणेच्या बाजू

आल्टरनेटरमध्ये रचना उलटी आहे. फिरतो तो चुंबक, म्हणजे रोटर. वीज तयार होते स्थिर असलेल्या स्टेटरमध्ये, आणि डायोड तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात. ब्रशमधून जातो तो फक्त रोटरचा दोन-चार अँपिअरचा प्रवाह, त्यामुळे ब्रश वर्षानुवर्षे टिकतात आणि रोटर खूप वेगात फिरू शकतो. पुली लहान ठेवता येते, आणि इंजिन मंद असतानाही चार्जिंग चालू राहते. उलटा प्रवाह डायोडच अडवतात, म्हणून कटआऊट लागत नाही. ३५ ते ४५ अँपिअरचा आल्टरनेटर वर मांडलेल्या १६ अँपिअरच्या भाराला पुरून उरतो. ‘आल्टरनेटर इंजिनाची ताकद खातो’ ही तक्रार ऐकू येते. हिशेब असा: पूर्ण ३६ अँपिअर देताना १४ व्होल्टला ५०० वॅट होतात, यंत्राचे नुकसान धरून इंजिनावर सव्वा-दीड एचपी. तोही पूर्ण भारावर. ३५ एचपीच्या ट्रॅक्टरला हे जाणवत नाही.

उणी बाजू धुळीची. आल्टरनेटर स्वतःच्या पंख्याने हवा आत ओढतो. सोयाबीनच्या मळणीत उडणारे कुटार आणि कापसाचे तंतू त्याच्या जाळीत बसतात, हवा अडते, डायोड तापतात. हंगामात अधूनमधून जाळी साफ करावी लागते. दुसरी उणीव दुरुस्तीची: डायोडची पट्टी किंवा रेग्युलेटर गेला तर गावात बहुतेक वेळा सुटा भाग बदलूनच काम होते, आणि तो भाग हलका निघाला तर तेच काम पुन्हा करावे लागते.

मधले मार्ग

या दोन टोकांच्या मध्ये आणखी पर्याय आहेत. लहान ट्रॅक्टरांवर कायम चुंबकाचा आल्टरनेटर येतो. त्यात ब्रश नसतात, बाहेर वेगळा रेक्टिफायर-रेग्युलेटर असतो, आणि क्षमता साधारण १५-२० अँपिअर. ज्यांना अँपिअर कमी लागतात पण देखभाल नको, त्यांना हा चालतो. परदेशात जुन्या मोटारी व ट्रॅक्टर जपणाऱ्यांसाठी डायनामोच्या कवचात बसवलेले आल्टरनेटर मिळतात. दिसायला जुने, कामाला नवे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते महाग पडतात. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय अनेकांना सुचत नाही: जुन्या बल्बच्या जागी रस्त्यावर चालणारे, योग्य झोताचे एलईडी काम-दिवे लावावेत. भारच अर्ध्याखाली आला, तर ११ अँपिअरचा डायनामोही रात्रीच्या नांगरटीला पुरतो. समोरच्याचे डोळे दिपवणारे स्वस्त एलईडी मात्र लावू नयेत.

बदल करताना होणाऱ्या चुका

पहिली चूक पोलॅरिटीची. जुन्या ब्रिटिश घडणीच्या अनेक यंत्रांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक चेसीला असे. आजचे आल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे असतात, आणि बॅटरी उलटी लागली तर डायोड क्षणात जळतात. बदल करताना बॅटरीची टोके फिरवावीत आणि अँपिअर मीटरच्या वायरी अदलाबदल कराव्यात. सेल्फची मोटर सिरीज प्रकारची असल्याने तिची फिरण्याची दिशा बदलत नाही. डायनामोच ठेवणार असाल, तर बॅटरी फिरवल्यावर त्याच्या फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन नवी दिशा द्यावी लागते.

दुसरी चूक वायरीची. डायनामोच्या काळातली बारीक वायर ३५ अँपिअर सोसत नाही. किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि जवळ फ्यूज हवा. जुना २० किंवा ३० अँपिअरचा मीटर काढून व्होल्टमीटर लावणे चांगले. जुनी रेग्युलेटर पेटी जोडणीत ठेवू नये. जागेवर दिसायला हवी असेल, तर आत फक्त वायर जोडण्याची टोके म्हणून वापरावी.

तिसरी चूक चार्जिंगच्या दिव्याची. त्या छोट्या बल्बमधून रोटरला पहिला प्रवाह मिळतो. बल्ब गेला तर आल्टरनेटर जागा होत नाही, किंवा इंजिन जोरात रेस केल्यावरच होतो. जुन्या ट्रॅक्टरांना चावीचा स्विच नसतो आणि इंजिन दांडीने बंद होते. हा दिवा थेट बॅटरीला जोडला, तर ट्रॅक्टर उभा असताना तो जळत राहतो आणि आठवड्याभरात बॅटरी बसते. म्हणून चावीचा स्विच बसवावा आणि उतरताना तो बंद करण्याची सवय लावावी.

चौथी गोष्ट तास आणि इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या मीटरची. काही ब्रिटिश घडणीच्या मॉडेलांत मीटरची केबल डायनामोच्या मागच्या टोकातून फिरते. डायनामो काढला की मीटर बंद पडतो. पीटीओचा वेग बघून थ्रेशर चालवणाऱ्याला याचा त्रास होतो. बदलाआधी मागे वाकून बघावे.

शिवाय ब्रॅकेट भक्कम असावा. आयशर २४१ सारख्या एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर मोठी असते, आणि पातळ पट्टीचा ब्रॅकेट हमखास तुटतो. तिन्ही पुल्या एका रेषेत नसतील तर पट्टा कडेने झिजतो. ट्रॅक्टरला जोडलेल्या नांगराचे किंवा ट्रॉलीचे वेल्डिंग करताना बॅटरीचे टर्मिनल आणि आल्टरनेटरची वायर सोडावी. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून ‘चार्जिंग बघण्याची’ जुनी पद्धत आल्टरनेटरवर कधीही वापरू नये. त्या क्षणी उसळणारे व्होल्टेज डायोडचा घास घेते.

इथले ऊन, इथले पाणी

संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला पूर्णा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे, आणि तालुक्याचा मोठा भाग त्यात मोडतो. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते पाणी बॅटरीत कधीही घालू नये. क्षारांतले क्लोराइड शिशाच्या पट्ट्यांचा नाश करते, आणि दोष मात्र चार्जिंगच्या माथी मारला जातो. आरओचे पाणीही डिस्टिल्ड वॉटरची जागा घेऊ शकत नाही. उन्हाळ्यात पाण्याची पातळी दर पंधरवड्याला बघावी.

मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा बॅटरीला चार्जिंगचे व्होल्टेजही थोडे कमी लागते. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना सुमारे ०.४ व्होल्ट कमी. चांगला रेग्युलेटर तापमानानुसार हे स्वतः सांभाळतो. म्हणून रेग्युलेटर घेताना किमतीपेक्षा दर्जा पाहावा. उभा ट्रॅक्टर हा बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. उतरलेली बॅटरी महिनोन्महिने तशीच राहिली की पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि कोणताही आल्टरनेटर तिला परत आणू शकत नाही. काळ्या मातीची ओलसर धूळ बॅटरीच्या माथ्यावर साचली तर दोन टर्मिनलांमध्ये प्रवाह झिरपत राहतो. माथा कोरडा पुसावा, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावावी.

कागदपत्रांची बाजूही आहे. ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. बुलढाण्याच्या आरटीओत एमएच-२८ चा जुना ट्रॅक्टर घेऊन जाल तेव्हा हेडलाइट, टेल-लाइट, इंडिकेटर आणि हॉर्न चालायलाच हवेत. रात्री कापूस भरलेली ट्रॉली मागच्या वाहनाला दिसणे हा तर कागदाच्या पलीकडचा, जिवाचा प्रश्न आहे. मंद होत गेलेला टेल-लाइट अपघात घडवतो.

निवाडा

सगळे एकत्र मांडले तर निवड चार ओळींत सांगता येते. दिवसा मशागत, पेरणी आणि क्वचित रात्रीची वाहतूक एवढेच काम असेल आणि डायनामो तपासणीत उतरत असेल, तर डायनामोच ठेवावा, रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक करावा आणि दिवे एलईडीचे लावावेत. रात्री नांगरटी, थ्रेशर, खामगाव-शेगावची वाहतूक किंवा जिनिंगच्या रांगा असतील, तर सरळ ३५ ते ४५ अँपिअरचा, आपल्या मॉडेलसाठीच बनवलेला आल्टरनेटर आणि भक्कम ब्रॅकेट घ्यावा. त्याहून मोठा घेण्याने बॅटरीचे भले होत नाही, पट्ट्यावरचा ताण मात्र वाढतो. वडिलांचे यंत्र मूळ रूपात जपायचे असेल, तर डायनामो गुंडाळून घ्यावा आणि जुनी पेटी दिसायला जागेवर ठेवावी. आणि आर्मेचर जळालेले, कम्युटेटर झिजून संपलेला असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत. त्यात पुन्हा पुन्हा पैसे अडकतात.

आल्टरनेटर बसवलात तरी काढलेला डायनामो भंगारवाल्याला देऊ नका. त्याचा नंबर लिहून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवा. उद्या कुणी हाच ट्रॅक्टर मूळ रूपात उभा करू म्हणेल, तेव्हा तो भाग बाजारात सापडणार नाही. आणि डायनामो गुंडाळणारा जो हात तुमच्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे आपल्या गावच्या आयटीआयमधल्या एखाद्या मुलाला महिनाभर बसवा. जुन्या यंत्रांचे आयुष्य त्यांच्या सुट्या भागांइतकेच ती दुरुस्ती जाणणाऱ्या माणसांवर अवलंबून आहे, आणि ती माणसे कमी होत चालली आहेत.